स्टुडिओच्या व्यवस्थापकाचा मुशाहिरा

मुंबईच्या उपनगरांतील भाड्याच्या चित्रीकरण-स्टुडिओंत व्यवस्थापक म्हणून ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, त्याच्याकडे या व्यवसायात शिरू पाहणारी मुले सल्ल्यासाठी येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, आणि तो म्हणजे या हुद्द्यावर दरमहा पदरात काय पडते हा. प्रश्न रास्त आहे. ज्याला संसार थाटावयाचा आहे त्याने तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याचे उत्तर एका आकड्यात देणे म्हणजे विचारणाऱ्याची दिशाभूल करणे होय, असे माझे मत अनुभवाने झालेले आहे. कारण एकाच रस्त्यावरील दोन स्टुडिओंत, सारख्याच फ्लोअरांवर आणि सारख्याच जागरणांवर राबणाऱ्या दोन व्यवस्थापकांच्या प्राप्तीत दुपटीचे आणि कधी तिपटीचे अंतर मी पाहिलेले आहे, आणि ते अंतर त्यांच्या योग्यतेतून क्वचितच निर्माण झालेले होते. ते निर्माण झाले होते नेमणुकीच्या पत्रात काय लिहिले होते आणि काय केवळ तोंडी ठरले होते, यातून.

हे असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी, मालाडची बॉम्बे टॉकीज, दादरची रणजित, या संस्था स्वतःच्या चित्रपटांसाठी स्वतःचा स्टुडिओ चालवीत असत, आणि नट-नट्यांपासून सुतार-रंगाऱ्यांपर्यंत सारी मंडळी दरमहाच्या पगारावर असत. त्या व्यवस्थेत स्टुडिओचा कारभारी हा कंपनीचा नोकर होता; फ्लोअर महिनाभर रिकामा राहिला म्हणून त्याच्या पगारास कात्री लागत नसे, आणि तो भरलेला राहिला म्हणून वाढही मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. युद्धातला पैसा चित्रपटांत शिरला, नट मुक्तपणे अनेक निर्मात्यांकडे काम करू लागले, स्वतःचा स्टुडिओ नसलेल्या स्वतंत्र निर्मात्यांची संख्या भराभर वाढली, आणि स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली नेमलेल्या चौकशी समितीला आपल्या १९५१ च्या अहवालात या स्थित्यंतराची सविस्तर दखल घ्यावी लागली. जुन्या कंपन्या एकेक करून मावळल्या; त्यांच्या वास्तू भाड्याने देण्याच्या मिळकती झाल्या. प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आले, हे त्यातल्या त्यात भाग्याचे म्हणावे लागेल. इतर अनेक आवारांच्या नशिबी इमारती आल्या.

स्टुडिओ ही भाड्याची मिळकत झाली त्याच दिवशी व्यवस्थापकाच्या पगाराचा पाया हलला. चित्रपट चालला की पडला याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. त्याचा मुशाहिरा यापुढे एकाच गोष्टीवर अवलंबून राहिला, ती म्हणजे वर्षाचे किती दिवस फ्लोअर लागला आणि त्या दिवसांचे भाडे प्रत्यक्षात हाती आले की नाही. आजही जो कोणी या नोकरीच्या पगाराची चौकशी करीत असेल त्याने मालकाच्या ऐश्वर्याकडे अथवा प्रवेशद्वारावरील नावाकडे न पाहता प्रथम ही गोष्ट पाहावी.

आता स्टुडिओ म्हणजे सगळे एका जातीचे नव्हेत. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ साली राज्य शासनाने उभारली आणि ती महामंडळाकडे आहे. तेथे नेमणूक झालेल्याचा पगार वेतनश्रेणीने ठरतो, बुकिंगने नव्हे, आणि म्हणूनच ती वाट निराळी. मेहबूबसारखे जुने खासगी स्टुडिओ हा दुसरा वर्ग; तेथे वर्षानुवर्षांची वहिवाट आणि मालक-घराण्याची मर्जी हेच पगाराचे नियम. तिसरा वर्ग मीरा रोड, नायगाव, मढ या बाजूंना गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडींचा, ज्यांना गोदामे म्हणावे की स्टुडिओ, याचा निर्णय विजेच्या जोडणीवरून आणि छताच्या उंचीवरून करावा लागतो. याखेरीज ध्वनिमुद्रणाचे, छायाचित्रणाचे, डबिंगचे छोटे स्टुडिओ आहेत. तेथे व्यवस्थापक बहुधा स्वतःच हिशेबनीस, स्वतःच तंत्रज्ञ आणि स्वतःच द्वारपाल असतो, आणि घरोघरी संगणकावर ध्वनिमुद्रण होऊ लागल्यापासून त्या वर्गाचे उत्पन्न आक्रसत गेलेले आहे. मी बोलणार आहे ते मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाविषयी, कारण माझे आयुष्य तेथे गेले.

१९९९ साली पश्चिम उपनगरातील तीन फ्लोअरांच्या एका स्टुडिओत माझी नेमणूक झाली तेव्हा मालकांनी मोठ्या आपुलकीने मला समोर बसवून सांगितले, की मूळ पगार सहा हजार, आणि स्टुडिओच्या उत्पन्नावर शेकडा दोन. "तुम्ही घरचे आहात, कागद कशाला हवा," असे त्यांनी म्हटले, आणि नेमणुकीच्या पत्रात केवळ सहा हजारांचा उल्लेख केला. मराठी वाहिन्या तेव्हा नुकत्याच सुरू होत होत्या, हिंदी दैनंदिन मालिकांचे पीक येऊ घातले होते, तिन्ही फ्लोअर भरलेले होते, आणि पहिल्या दोन वर्षांत त्या शेकडा दोनाने माझी प्राप्ती मूळ पगाराच्या दुपटीहून पुढे नेली. त्या काळात मला कोणी पगार विचारला असता तर मी अभिमानाने मोठा आकडा सांगितला असता. तो आकडा खरा होता. परंतु त्याचा पाया कोठेही लिहिलेला नव्हता.

उत्पन्न म्हणजे नेमके काय, हा वाद प्रथम निघाला तो विजेवरून. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्रीकरणाचे दिवे प्रचंड वीज खातात, म्हणून प्रत्येक फ्लोअरला स्वतंत्र मीटर असतो आणि फ्लोअरच्या भाड्याव्यतिरिक्त त्या विजेचे पैसे निर्मात्याने द्यावयाचे असतात. पॅकअप झाले, की लाइटमन तराफ्यांवरून दिवे उतरवीत असताना, स्पॉटबॉय पाण्याच्या बाटल्या गोळा करीत असताना, व्यवस्थापकाने निर्मात्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरला घेऊन मीटरच्या खोलीत जावयाचे, सकाळचे आणि रात्रीचे वाचन फर्दीवर लिहावयाचे आणि त्यावर त्याची सही त्याच क्षणी घ्यावयाची. "उद्या करू हो साहेब, पोरं दमलीत," असे तो म्हणतो. तो खरोखरच दमलेला असतो, आपणही दमलेले असतो, आणि तरीही ती सही त्या रात्रीच घ्यावी लागते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यावर तासभर वाद होतो आणि महिन्याच्या अखेरीस त्या वादाची रक्कम स्टुडिओच्या नावे बुडीत पडते. या फर्दींच्या शिस्तीमुळे आमच्या स्टुडिओची विजेची वसुली पूर्ण होऊ लागली, आणि ती पूर्ण होऊ लागताच मालकांच्या कारकुनाने प्रश्न काढला, की विजेचे पैसे हे उत्पन्न नव्हेच, ते तर वीज कंपनीकडे जाणारे. त्यावर शेकडा दोन कसले? प्रश्न गैर नव्हता. परंतु त्याच न्यायाने मेकअप-खोल्यांचे भाडे वेगळे निघाले, जनरेटरचे भाडे वेगळे निघाले, वातानुकूलनाचा आकार वेगळा निघाला, उपाहारगृहाचा मक्ता वेगळा निघाला, आणि अखेर ज्यावर माझा हिस्सा होता ते 'उत्पन्न' केवळ फ्लोअरच्या भाड्यापुरते उरले.

त्यानंतर दुसरा, आणि माझ्या मते अधिक गंभीर, प्रश्न उभा राहिला: हे भाडे लागू झालेले धरावयाचे की वसूल झालेले? स्टुडिओच्या बुकिंगच्या डायरीत आम्ही नुसती विचारणा असली तर पेन्सिलीने लिहीत असू आणि अनामत रक्कम हाती आली की शाईने. ही पद्धत उत्तम आहे आणि ती कोणी सोडू नये. परंतु शाईने लिहिलेला दिवस म्हणजे वसूल झालेला दिवस नव्हे. मालिकांचे निर्माते वाहिनीकडून पैसे येण्याची वाट पाहतात, आणि कलावंतांनासुद्धा तीन-तीन महिने थांबावे लागते, हे या व्यवसायात सर्वश्रुत आहे. फ्लोअरचे भाडे त्याच रांगेत उभे असते. अशाच एका निर्मात्याची मालिका वाहिनीने एकाएकी बंद केली. मधल्या फ्लोअरवर त्याचा दुमजली वाड्याचा सेट उभा होता. थकबाकी मोठी होती, निर्माता फोन घेईना, आणि सेट मोडावा तर तो मोडण्याचा अधिकार आम्हांस करारनाम्याने दिलेला नव्हता. तो फ्लोअर कित्येक महिने त्या वाड्याखाली अडकून पडला. त्या काळात तेथे दुसरे बुकिंग घेता आले नाही, म्हणजे भाडे नाही, म्हणजे माझा हिस्साही नाही. एवढ्यावर न थांबता, त्या थकलेल्या भाड्यापोटी पूर्वी मला दिलेला हिस्सा परत कापून घेण्यात आला. त्याविरुद्ध दाखविण्यास माझ्याजवळ एक ओळही नव्हती.

या प्रसंगापासून जो बोध मी घेतला तो नव्या मुलांना मी प्रथम सांगतो. हिश्श्याने पगार ठरत असेल तर ठरवू द्यावा, त्यात गैर काही नाही, किंबहुना भरलेल्या स्टुडिओत तोच अधिक फायद्याचा असतो. परंतु हिस्सा कोणत्या बाबींवर, वस्तू आणि सेवा कर वजा करून की धरून, लागू भाड्यावर की वसूल भाड्यावर, आणि वसुली बुडाल्यास परतफेड असेल की नसेल, ही चार उत्तरे कागदावर यावयास हवीत. कर तर स्पष्ट वेगळा काढावा. स्टुडिओच्या भाड्यावर आज शेकडा अठरा कर लागतो, आणि ती रक्कम ना मालकाची ना व्यवस्थापकाची. त्याच वेळी निर्मात्याशी होणाऱ्या करारनाम्यात, इतक्या दिवसांची थकबाकी झाल्यास सेट मोडून फ्लोअर मोकळा करण्याचा आणि त्याचा खर्च अनामतीतून घेण्याचा हक्क स्टुडिओला राहील, असे कलम घालण्याचा आग्रह व्यवस्थापकाने धरावा. हे कलम मालकाच्या हिताचे दिसते. प्रत्यक्षात व्यवस्थापकाच्या पगाराचे तेवढे मोठे संरक्षण दुसरे नाही.

फ्लोअर कोणाला द्यावा, याचाही पगारावर खोल परिणाम होतो. दैनंदिन मालिका कमी दराने परंतु महिनोन्‌महिने फ्लोअर धरते. जाहिरातपट मोठा दर देतो आणि दोन दिवसांत निघून जातो. चित्रपट सेट उभारण्यात दीर्घ काळ घालवितो, आणि उभारणीच्या दिवसांचा दर चित्रीकरणाच्या दिवसांहून कमी असतो. पावसाळ्यात बाह्यचित्रीकरण अवघड झाल्याने सर्वांनाच छप्पर हवे असते, तेव्हा दर चढवून घेता येतो. ज्या स्टुडिओच्या तीन फ्लोअरांपैकी दोन मालिकांकडे आणि एक मोकळ्या बुकिंगला ठेवलेला असतो, तेथील व्यवस्थापकाची प्राप्ती मला सर्वांत स्थिर दिसली आहे. तिन्ही फ्लोअर एकाच निर्मितीसंस्थेला देऊन निश्चिंत बसणाऱ्या मालकाकडे नोकरी धरताना विचार करावा. ती संस्था गेली, की सारे आवार एका दिवसात ओस पडते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे चित्रीकरण थांबले, आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ते पुन्हा बंद झाले तेव्हा कित्येक मराठी आणि हिंदी मालिका आपले बिऱ्हाड घेऊन गोव्यास व अन्यत्र गेल्या, नि पुढल्याच महिन्यात गोव्यातही परवानगी रद्द झाली. त्या काळात केवळ हिश्श्यावर जगणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंची जी अवस्था झाली ती मी जवळून पाहिली आहे. ज्यांचा निश्चित पगार घरखर्चास पुरण्याइतका होता ते कसेबसे तरले. म्हणून माझे सांगणे असे, की निश्चित भाग किमान एवढा असावा की भाडे, किराणा आणि मुलांची शाळा त्यातून निघावी, हिस्सा त्याच्यावर.

याच संदर्भात आवारातील राहत्या खोलीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. जुन्या स्टुडिओंत व्यवस्थापकास आवारातच खोली देण्याची रीत होती, आणि मुंबईतील घरभाडे पाहता तिचे मोल पगाराइतकेच धरावे लागेल. परंतु आवारात राहणारा माणूस चोवीस तास कामावर असतो. रात्री तीन वाजता जनरेटर बंद पडला तर त्याचेच दार वाजते. शिवाय नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही जाते, आणि हिशेब चुकता होईपर्यंत खोली सोडणार नाही, खोली सोडेपर्यंत हिशेब चुकता करणार नाही, अशी दोन्ही बाजूंची अडवणूक सुरू होते. खोली मिळत असेल तर घ्यावी. मात्र ती रिकामी करण्यासाठी नोकरी संपल्यापासून ठरावीक मुदत मिळेल, हे लिहून घ्यावे.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. या व्यवसायातील कित्येक मालक व्यवस्थापकाचा पगार जाणूनबुजून कमी ठेवतात, कारण त्याला वरकमाई होईलच असे ते गृहीत धरतात. जनरेटरवाला, जेवणवाला, सुतारकामाचा ठेकेदार, भंगारवाला, हे सगळे आपापल्या परीने व्यवस्थापकाचा हात ओला करू पाहतात, आणि 'अहो, मॅनेजरांचं काय, त्यांचं बाहेरून भागतं,' हे वाक्य पगारवाढीच्या प्रत्येक बोलण्यात मला ऐकावे लागले आहे. मी त्या पैशाला कधी हात लावला नाही, आणि याविषयी मला तरुणांना कळकळीने सांगावयाचे आहे. ज्याने ठेकेदाराकडून एकदा पाकीट घेतले, त्याला त्या ठेकेदाराची जीर्ण झालेली केबल बदलून घेता येत नाही. स्टुडिओ म्हणजे प्लायवूड, कापड, थर्माकोल आणि रंग यांनी भरलेले, उष्ण दिव्यांखाली तापणारे बंदिस्त आवार असते. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानावरील मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी लागलेल्या आगीत साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओचा मोठा भाग सप्टेंबर २०१७ मध्ये आगीत खाक झाला, आणि त्यानंतर ते आवारच विकले गेले. जीर्ण केबलीकडे पाहून 'हे काढ आणि नवे लाव' असे ज्याला निःशंकपणे म्हणता येत नाही, त्याने त्या खुर्चीवर बसू नये.

आगीची ही जबाबदारी पगाराशी थेट जोडलेली आहे, आणि ती कशी, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये इमारतीतील अग्निशमनाची साधने सुस्थितीत ठेवण्याचे दायित्व मालकावर अथवा भोगवटादारावर असते, आणि ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. कित्येक स्टुडिओंत या कागदांवर भोगवटादार म्हणून व्यवस्थापकाची सही घेतात. पगार नोकराचा आणि दायित्व मालकाचे, असा हा व्यवहार होतो. अशी सही करण्यापूर्वी व्यवस्थापकाने मालकाकडून लेखी अधिकारपत्र मागावे, साधनांवर खर्च करण्याची मर्यादा त्यात नमूद करून घ्यावी, आणि ज्या दुरुस्तीस मालकाने नकार दिला तिची नोंद पत्राने ठेवावी. ज्याच्याकडे असे अधिकारपत्र आहे त्याचा पगारही वाढतो, हा माझा अनुभव आहे. कारण विजेचा भार, अग्निशमन, महापालिकेचे परवाने आणि कामगार संघटनांशी व्यवहार या चारही गोष्टी समजणारा माणूस मालकास सहजासहजी दुसरा मिळत नाही. नुसत्या बुकिंग घेणाऱ्या व्यवस्थापकास पर्याय पुष्कळ असतात.

कायद्याच्या दृष्टीने व्यवस्थापकाची स्थिती आणखी एका कारणाने अवघड आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणाऱ्यास कामगारांच्या व्याख्येतून वगळले होते, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या संहितेतही ते तसेच आहे. फ्लोअरवरील लाइटमनच्या पाठीशी त्याची संघटना उभी राहते, तो कामगार कायद्यांखाली दाद मागू शकतो. व्यवस्थापकाला एका महिन्याच्या नोटिशीवर निरोप दिला तर त्याला बहुधा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. अर्थात न्यायालये हुद्द्याच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात, ही जमेची बाजू आहे. तरीही नोटिशीची मुदत एक नव्हे तर तीन महिन्यांची मागावी. मालकाला त्याचा काही खर्च नसतो, आणि आपल्याला दुसरी नोकरी शोधण्यास अवकाश मिळतो. काही ठिकाणी व्यवस्थापकास नोकर न म्हणता सल्लागार म्हणवून, शेकडा दहा आयकर कापून ठोक रक्कम देण्याची पद्धत पडली आहे. त्या रकमेचा आकडा मोठा दिसतो. परंतु त्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही; ते सारे मोजून मगच तुलना करावी.

ग्रॅच्युइटीच्या बाबतीत मात्र कायदा व्यवस्थापकाच्या बाजूचा आहे. १९७२ च्या कायद्याने, त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, तिचा हक्क व्यवस्थापकीय काम करणाऱ्यालाही स्पष्ट शब्दांत दिला. पाच वर्षांची सलग नोकरी झाली, की प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, आणि एका दिवसाचे वेतन काढताना महिना सव्वीस दिवसांचा धरावयाचा. पण त्याच कायद्यातील वेतनाच्या व्याख्येतून बोनस, घरभाडे आणि कमिशन ही वगळलेली होती, आणि येथे माझ्यासारख्यांचा घात झाला. समजा, एखाद्याची मासिक प्राप्ती ४०,००० रुपये आहे, त्यातील मूळ वेतन केवळ १२,००० आणि बाकी सारा हिस्सा. दहा वर्षांच्या सेवेनंतर ४०,००० च्या हिशेबाने त्यास सुमारे २,३०,७६९ रुपये मिळाले असते. त्या व्याख्येप्रमाणे १२,००० च्या हिशेबाने मिळत ६९,२३१. भविष्यनिर्वाह निधीचेही तेच. मूळ वेतन जितके लहान, तितकी मालकाची वर्गणी लहान; आणि पुष्कळ मालक १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवरच बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये, भरून थांबतात. २०१९ च्या वेतन संहितेने याला काही अंशी पायबंद घातला आहे: वगळलेल्या भत्त्यांची आणि कमिशनची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग वेतनातच धरावा, असे तिचे म्हणणे आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली आहे. आता ज्यांच्या नेमणुका होत आहेत त्यांनी या तरतुदीचा उल्लेख पगार ठरविताना अवश्य करावा. तो केल्याने मालक रागावला, तर पुढे त्याच्याकडे काय वाट्यास येणार आहे ते तेथेच कळून येते.

आमचा स्टुडिओ अखेरीस विकला गेला. जमिनीचे मोल फ्लोअरच्या भाड्याने कधीच फिटणार नव्हते. हा काही एका मालकाचा दोष नव्हे, साऱ्या उपनगराचीच ती कथा आहे. मला ठोक रक्कम घेऊन बिनतक्रार पावती लिहून द्या असे सांगण्यात आले. मी ती दिली नाही. ग्रॅच्युइटीचा विहित अर्ज केला, तीस दिवसांत रक्कम आली नाही तेव्हा नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे दाद मागितली, आणि तेथे माझी सेवा सलग नव्हती असा बचाव समोरून आला. हजेरीपट विक्रीच्या धांदलीत गहाळ झाला होता. माझ्याजवळ होत्या त्या मीटरच्या वाचनाच्या फर्दींच्या प्रती, वर्षामागून वर्षे, प्रत्येकीवर तारीख, कोणा ना कोणा प्रॉडक्शन मॅनेजरची सही आणि शेजारी माझी. प्राधिकाऱ्यांनी त्या एकेक उलटून पाहिल्या आणि सेवा सलग मानली. व्याजासह रक्कम मिळाली. परंतु ती मूळ वेतनावरची, आणि हिश्श्याचा एक पैसाही त्यात धरला गेला नाही.

विक्रीच्या वेळी पुष्कळ भाडी वसूल व्हावयाची होती. ती पुढील वर्षभरात मालकांच्या खात्यात जमा झाली. ज्या बुकिंगांची ती भाडी, ती माझ्या हातची होती, आणि त्यांवरील शेकडा दोन मला मिळाले नाहीत, कारण मी तेव्हा नोकरीत नव्हतो. म्हणून आजकाल कोणी नेमणुकीचा मसुदा दाखविण्यास आणला, तर पगाराचा आकडा पाहण्याआधी मी त्याच्या शेवटच्या पानावर एक कलम आपल्या हाताने लिहून देतो: व्यवस्थापकाच्या सेवाकाळात झालेल्या बुकिंगांचे भाडे त्याची सेवा संपल्यानंतर कधीही वसूल झाले, तरी त्यावरील त्याचा हिस्सा वसुलीपासून तीस दिवसांच्या आत त्यास, अथवा त्याच्या पश्चात त्याच्या वारसांस, देय राहील.